सही आधी कोणाची? आमच्या शाळेच्या व्यवस्थापन मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सभासद यांस,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

मागच्या आठवड्यात आपल्या शाळेतल्या एक जुन्या सहकारी बाई घरी आल्या होत्या. चहा होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वर ठळक अक्षरात 'आपल्या शाळेची श्रद्धाविधाने', खाली नऊ मुद्दे, त्याखाली नाव, हुद्दा, तारीख आणि सहीची रेघ. येत्या जूनच्या आत प्रत्येक शिक्षकाने आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्याने सही करून कार्यालयात द्यायचा. बाई हिंदू आहेत. एकवीस वर्षं आपल्याकडे नोकरी करतात. सकाळच्या प्रार्थनेला पेटी त्याच धरतात आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यांना आपल्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त पाठ आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "मोठ्या बाई, मी खोटी सही करू की नोकरी सोडू?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र. बंद पाकिटात घालून दिलं असतं, पण यापूर्वीची दोन पत्रं आवक नोंदवहीतच झोपली आहेत, तेव्हा या वेळी चारचौघांत बोलते.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. माझा बाप्तिस्मा याच आवारातल्या देवळात झाला. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची जुनी कबुली, मी दर रविवारी उभी राहून म्हणते आणि त्यातला एकही शब्द मला गाळायचा नाही. मिशनच्या शाळेने आपली श्रद्धा उघड सांगावी, याच मताची मी आहे. मागच्या वर्षीच्या माहितीपत्रकात तुम्ही येशूचं नाव काढून 'जागतिक दर्जाचे मूल्यशिक्षण' असं घातलं, तेव्हाही मी तक्रार केली होती. (आवक नोंदवहीतल्या दोन पत्रांपैकी ते एक.) आता बारा महिन्यांत तुम्ही थेट दुसऱ्या टोकाला गेलात. तेव्हा श्रद्धा लपवलीत, आता तिचा फॉर्म छापलात. दोन्ही वेळा एक प्रश्न राहूनच गेला: आपण जे मानतो त्याचं बंधन आधी कोणावर?

तो कागद मी तीनदा वाचला. कुठल्या तरी परदेशी शाळेचा मसुदा आणून त्याचं मराठी केलंय हे तिसऱ्या ओळीत कळतं. आपली मंडळी 'तारण' म्हणते, तुमच्या कागदावर 'विमोचन' आहे. 'देहधारण' या सुंदर शब्दाच्या जागी 'अवतरण प्रक्रिया' लिहिलंय. अहो, प्रक्रिया ही काय चीज आहे? शब्द देही झाला, गव्हाणीत निजला, आईचं दूध प्यायला, एवढं तरी आपल्या भाषेत नीट सांगा. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणलं, तेव्हा खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशीच मराठी हवी म्हणून त्या वर्षानुवर्षं अडून बसल्या. 1922 साली गेल्या, त्याच्या जरा आधी काम संपवून. देव माणसाच्या बोलीत आला यावर त्यांचा विश्वास होता आणि तो त्यांच्या वाक्यावाक्यात दिसतो. देहधारण मानणाऱ्या शाळेने आपली मराठी माध्यमाची तुकडी बंद करायचा ठराव घ्यावा, हेही मला त्याच कागदाच्या शेजारी ठेवून वाचावंसं वाटलं.

त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावर, तुमचा दुसरा मुद्दा आहे. त्यावर मी काही लिहीत नाही. चौतीस वर्षांत ते मला पोरांना नीट समजावता आलं नाही, आणि आपल्याला ते पूर्ण समजलंय असं सांगणाऱ्यांचा मला जरा संशयच येत आलाय.

पण पहिल्याच मुद्द्यावर थांबायला हवं. 'देव सृष्टीचा निर्माणकर्ता आहे.' बरोबर. पुढे? बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात त्याच दमात सांगितलंय की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, नर आणि नारी दोघंही. तुमच्या नऊ मुद्द्यांत ते वाक्य नाही. शाळेच्या कागदात नेमकं तेच गळावं? या एका वाक्यावर तर आपली शाळा उभी राहिली. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1831 साली नगरला आली. सिंथिया फरार या अविवाहित बाई 1827 साली मुंबईत उतरल्या, पुढे नगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि 1862 साली तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या होत्या. त्या काळात 'मुलीला शिकवून काय करायचं' या प्रश्नाला या बाईंकडे एकच उत्तर असणार: ती देवाचं प्रतिरूप आहे, म्हणून. दुसरं उत्तर लागतच नाही.

माझ्या आजोबांच्या घरी मिशनच्या शाळेबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जायची. गावच्या शाळेत त्यांना ओट्याखाली बसावं लागे. पाटी पुढे सरकवायची, मास्तर लांबून बघणार. नगरला मिशनच्या शाळेत पहिल्या दिवशी ते सवयीने दाराबाहेर बसले. मास्तर बाहेर आले, हाताला धरून त्यांना आत नेलं आणि बाकावर बसवलं. आजोबा सांगायचे, "बाकाचं लाकूड गार लागलं." बस्स. धर्मांतराची कारणं शोधायला लोक जाडजूड ग्रंथ लिहितात. आमच्या घरात ते गार लाकूड होतं.

हे सगळं गोड गोड होतं असंही नाही. दलित लेकरांना आत घेतलं की वरच्या जातींचे पालक आपली मुलं काढून नेत, आणि काही मिशनऱ्यांनी त्या भीतीने तडजोडीही केल्या. आपल्या मंडळीतही लग्न जुळवताना 'तुमचे मूळचे कोण?' हा प्रश्न अजून विचारला जातोच. हे पत्र कोणाचं ते ओळखून तुमच्यापैकी दोघा-तिघांनी तो मनात विचारलाही असेल. म्हणून तर प्रतिरूपाचं वाक्य कागदावर हवं. ते आपल्याला आपोआप जमत नाही.

आता ते वाक्य घेऊन प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे राहा. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांचं बंधन अल्पसंख्याक शाळांवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितलं. तेव्हा आपल्या कार्यालयात पेढे वाटले होते, मीही खाल्ला. कायद्याने सूट दिली, ठीक. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाने दिलेली नाही. आज आपल्या बालवर्गात देणगी न देता आलेली किती लेकरं आहेत, हे तुम्ही मोजा, मी बोट दाखवत नाही. आणि 'अ' तुकडी हुशारांची, 'ड' तुकडी उरलेल्यांची, ही वाटणीही एकदा त्या वाक्यापुढे धरा. 'ड'च्या वर्गातला पंखा तीन वर्षं बंद होता. मी मुख्याध्यापिका असतानाही एक वर्ष बंदच होता, हे आधी कबूल करते.

कृपेबद्दल तुमचा सहावा मुद्दा आहे: 'तारण कृपेने होते, कर्माने नव्हे.' हे वाचून मला हसू आलं, कारण आपल्या शाळेत ग्रेस हा शब्द फक्त निकालाच्या वेळी निघतो. "बाई, दोन ग्रेस लागतील." तरी खरं सांगू, त्या दोन गुणांत कृपेचा अर्थ बऱ्यापैकी आलाय. पोराने कमावलेले नसतात, कोणीतरी देतं, आणि तेवढ्यावर ते पुढच्या वर्गात जातं.

एक वर्ष सांगते. मी तेव्हा सातवीची वर्गशिक्षिका होते. पाथर्डीकडची एक मुलगी होती, आईबाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की टोळी उचल घेऊन निघायची आणि ही त्यांच्यासोबत, धाकट्या भावाला सांभाळायला. त्या वर्षी ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परतली. पाचोळ्याने कापलेले हात, डाव्या पोटरीवर कोयत्याची खूण, केसांत पाचटाचे बारीक तूस. कॅटलॉगमध्ये जानेवारीपासून तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा. नियमाने नाव कमी करायला हवं होतं. मी तसा कागद तयार करून तेव्हाच्या मोठ्या बाईंपुढे, म्हणजे मुख्याध्यापिकेपुढे, ठेवला. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "द्राक्षमळ्याचा दाखला शेवटचा कधी वाचलास?"

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय. सकाळपासून राबलेल्यांना एक रुपया आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही तोच रुपया. सकाळचे लोक कुरकुरतात. मला तो दाखला कधी पटला नव्हता, आजही हिशेबात तो बसत नाही. त्यांनी मला गुण वाढवायला सांगितलं नाही. रोज शाळा सुटल्यावर एक तास व्हरांड्यात बसून तिला शिकवायला सांगितलं आणि स्वतः गणित घेतलं. तीन आठवडे. अपूर्णांक शिकवताना त्या तिला विचारायच्या, एका मोळीचे चार भाग केले तर? आणि ती पोर मोळी, गाडी, टन, सगळं त्यांच्यापेक्षा जलद सांगायची. परीक्षेला ती बसली. वर्गातल्या एका पालकाने लेखी तक्रार दिली, आमच्या मुलाने वर्षभर अभ्यास केला त्याचं काय, म्हणून. तेच सकाळपासून राबलेले कामकरी, शब्द न् शब्द.

मोठ्या बाईंनी त्या तीन आठवड्यांत तिला एकदाही बायबल दिलं नाही. मी विचारलं होतं. म्हणाल्या, "मागितलं तर देईन. आत्ता तिने अपूर्णांक मागितलेत."

मागच्या मार्चमध्ये फी थकली म्हणून आठवीतल्या तीन मुलांना पेपरच्या वेळी अर्धा तास बाहेर उभं केलं होतं. पोर्चमध्ये, त्या संगमरवरी पाटीखाली, जिच्यावर 'लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या' असं कोरलंय. ते ज्यांनी केलं त्या साहेबांची सही सहाव्या मुद्द्याखाली सगळ्यांत आधी येईल, त्यांना काहीच अडचण नाही. पेटी वाजवणाऱ्या बाईंना अडचण आहे, कारण त्या सहीला खरं मानतात. त्यांनी त्याच दिवशी तिघांपैकी एकाचे पैसे भरले होते. हे मला त्यांच्याकडून कळलं नाही, लिपिकाकडून कळलं.

पापाचा मुद्दा तुम्ही घातलाय, बरं केलंत. सर्वांनी पाप केलं आहे, असं पौल रोमकरांना लिहितो. 'सर्वांनी' यात मंडळ आलं, खजिनदार आले, मीही आले. म्हणून खात्यावर दोन सह्या, दरवर्षी लेखापरीक्षण आणि ते पालकसभेत वाचून दाखवणं. ज्याला मूळ पापावर विश्वास आहे त्याने 'आमच्यावर विश्वास ठेवा' असं म्हणू नये.

क्षमेबद्दल मात्र मला जड मनाने लिहायचंय. आठव्या मुद्द्यात तुम्ही म्हणता, 'शाळेतील सर्व तक्रारी ख्रिस्ती क्षमाशीलतेने आपसांत मिटवल्या जातील.' हे वाक्य कृपा करून काढा. आजच्या आज काढा. माझ्या नोकरीत मी एकदा हा प्रकार पाहिलाय. एका लेकराने एका मोठ्या माणसाबद्दल सांगितलं. त्या लेकराला प्रार्थनेच्या खोलीत नेऊन त्या माणसासमोर उभं केलं आणि म्हणायला लावलं, मी तुम्हाला क्षमा केली. मी दाराशी होते. काही बोलले नाही. तो माणूस पुढे सात वर्षं पगार घेत राहिला. क्षमा ही ज्याला जखम झाली त्याने, त्याला वाटेल तेव्हा, वाटलं तर द्यायची गोष्ट आहे. वरिष्ठांनी वसूल करायची नाही. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलंय, न कळवणं हा गुन्हा आहे, मग तुम्ही पाळक असा नाहीतर शिपाई. आणि कायदा बाजूला ठेवला तरी प्रभूने लहानांना अडखळवणाऱ्याबद्दल काय म्हटलंय? गळ्यात जात्याची तळी आणि समुद्राचा तळ. इतके कडक शब्द त्याने फार थोड्या वेळा वापरले. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी तो जेवायला गेला, कृपेने गेला, पण जक्कयाने उभं राहून लुबाडलेल्याच्या चौपट परत करायचं कबूल केलं. क्षमा आणि हिशेब त्या घरात एकाच पंगतीला बसले.

आता राहिला सहीचा प्रश्न. संविधानाच्या 30 व्या कलमाने आपल्याला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. तो हक्क मी आयुष्यभर वापरला, मला त्याची किंमत माहीत आहे. त्याच्या दोन घरं अलीकडे 28 वं कलम आहे: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत त्याच्या संमतीशिवाय, आणि लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, भाग घ्यायला लावता येत नाही. आपण हे पाळत आलोय. स्क्रिप्चरच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला ज्यांना नको ती मुलं नीतिशिक्षणाच्या वर्गात बसतात. पण मुलांना जी मोकळीक दिली ती त्यांच्या बाईंना का नाही?

मला 1893 सालची गोष्ट आठवते. रमाबाईंनी विधवा मुलींसाठी शारदा सदन 1889 साली चौपाटीवर सुरू केलं, तेव्हा कोणावरही धर्म लादणार नाही असं कबूल केलं होतं. पुढे सदन पुण्याला गेलं. त्या स्वतः प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात काहूर माजलं, रानडे आणि भांडारकरांसारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पालक मुली घेऊन गेले. दार उघडं ठेवण्यात चूक होती की नव्हती यावर मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते. बालविधवेपुढे दुसरा आसराच नसेल तर उघडं दारही तिला ओढून घेतं, हे टीकाकारांचं म्हणणं मला पूर्ण उडवून लावता येत नाही. पण रमाबाईंनी कोणाकडून सही घेतली नव्हती. त्या आपली प्रार्थना आपण करत होत्या.

मतांगीकारात देवाखेरीज दोनच माणसांची नावं येतात, तुमच्या कधी लक्षात आलंय का? एक मरिया. दुसरा पंतय पिलात, येशूला क्रुसावर द्यायचा हुकूम देणारा रोमी सुभेदार. एक आई आणि एक अधिकारी. लहानपणी मला वाटायचं, त्या दुष्टाचं नाव दर रविवारी कशाला घ्यायचं? मुख्याध्यापिका झाल्यावर कळलं. पिलात दुष्ट नव्हता हो. त्याच्यावर वरून दबाव होता, खालून गर्दी होती, शांतता राखायची होती. त्याने पाणी मागवलं आणि सगळ्यांसमोर हात धुतले. त्याच्या आदल्याच रात्री दुसऱ्या एकाने गंगाळात पाणी ओतून आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, त्यात त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही. फी थकलेल्या मुलांच्या आयांनी कार्यालयात विचारलं तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, "हा मंडळाचा निर्णय आहे, आमच्या हातात काही नाही." मी त्या खुर्चीत असताना हेच वाक्य कितीदा बोलले असेन, देव जाणे.

तेव्हा माझी विनंती अशी. तो कागद मागे घेऊ नका, परत लिहा. मराठीत लिहा, पाळकसाहेबांना आणि दोन मराठीच्या शिक्षकांना बसवून. प्रतिरूपाचं वाक्य सगळ्यांत वर घाला. आठवा मुद्दा काढा आणि त्या जागी तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर छापा. प्रत्येक मुद्द्याखाली एक ओळ जोडा की हे मानतो म्हणून व्यवस्थापन काय करील: फीचं, प्रवेशाचं, 'ड' तुकडीचं, ऊसतोडीहून परत येणाऱ्या लेकरांच्या हजेरीचं. मग त्याखाली तुम्ही अकराजण सह्या करा. फक्त तुम्ही. तो कागद स्टाफरूममध्ये लावा. कर्मचाऱ्यांकडून एवढंच लिहून घ्या की शाळा काय मानते ते त्यांनी वाचलंय आणि इथल्या लेकरांशी ते त्याला शोभेल असं वागतील. त्यावर पेटीवाल्या बाई सही करतील, उर्दूचे सर करतील, मावशीही करतील. मावशी तर आपल्याच मंडळीतल्या, तरी अजून बाहेरच्या पायरीवर बसून डबा खातात, तेही एकदा बघा.

पुढच्या बैठकीला मला बोलावलंत तर मी येईन. शनिवारी दुपारी दोननंतर ठेवा, सकाळी नातवाला तबल्याला सोडायचं असतं. आणि बाईंना तोवर सही मागू नका. मी त्यांना कागद ठेवून जा म्हटलं होतं, पण त्या घेऊन गेल्या. चार घड्या घालून, होता तसा.

आपली,
या शाळेची एक निवृत्त शिक्षिका